टेबलाची उंची

विलास मेश्राम मला पहिल्यांदा भेटले ते माझ्याच टेबलाखाली. जेवून केबिनमध्ये परतलो तर टेबलाखालून दोन बूट बाहेर आलेले. मला वाटलं, केबल दुरुस्त करणारा कुणी असेल. मी इंग्रजीत हटकलं, तर खालून मराठीत उत्तर आलं.

"बसा ना जी. रोज बसता तसंच बसा. मी आहे म्हणून ताठ नका बसू."

दारावरची 'केळकर' ही पाटी त्यांनी वाचली होती. मी मुकाट बसलो. खालून मोजपट्टीचा सर्रकन आवाज आला.

"पाय लटकून राहिले तुमचे. या खुर्चीवर किती वर्षं झाली?"

"सहा."

"आणि कंबर कधीपासून दुखून राहिली?"

कंबर दुखते हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. मेश्राम सरपटत बाहेर आले, गुडघे झटकले आणि मग कुठे ओळखीसाठी हात पुढे केला. पन्नाशीला टेकलेला, बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी मोजपट्टी. खोलीच्या कोपऱ्यात मी तयार केलेल्या वार्षिक अहवालाच्या जाडजूड प्रती पडल्या होत्या. त्यातले दोन गठ्ठे उचलून त्यांनी माझ्या पायांखाली सरकवले, जरा मागे होऊन पाहिलं आणि म्हणाले, "मजबूत आहे कागद." त्या अहवालाचं एवढं मनापासून कौतुक आधी कुणी केलं नव्हतं.

आमची कंपनी जुने प्रिंटर आणि फोटोकॉपीची यंत्रं परत घेते, ती खोलते, त्यातले चांगले भाग काढून, धुऊन पुन्हा नव्या यंत्रांत बसवते. कारखाना यिशुनला, ऑफिस क्वीन्सटाउनजवळ. मी मूळचा पुण्याचा, हिशेब तपासण्याच्या कामासाठी सिंगापूरला आलो, पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी, झालो, आणि कंपनी 'हिरवी' झाली तसा मीही हिरवा झालो. आमच्या कारखान्यामुळे किती प्लास्टिक वाचलं, किती कचरा टळला, हे जगाला सांगणारा अहवाल लिहिणं हे माझं काम. पूर्वी परत आलेली यंत्रं एका अजस्र चक्कीत घालून त्यांचा चुरा करत. त्या चुऱ्याचं पुढे काही चांगलं होत नसे. मग चक्की बंद झाली आणि यंत्रं हाताने खोलण्याची लाइन सुरू झाली. त्या लाइनवर चाळीसएक माणसं. बरीचशी पन्नाशीसाठीच्या चिनी बायका, काही रोज जोहोरहून पूल ओलांडून येणाऱ्या मलेशियन. एकेका यंत्राचे दोन-तीन डझन स्क्रू सोडवायचे, चपट्या स्क्रूड्रायव्हरने प्लास्टिकचे खटके उचकटायचे, तुकडे वेगवेगळ्या पेट्यांत टाकायचे. पाहायला येणारे युरोपीय ग्राहक या लाइनसमोर भारावून उभे राहत. मीही भारावलेलाच होतो.

या लाइनच्या माणसांसाठी कंपनीने अर्गोनॉमिक्सचा तज्ज्ञ नेमला, कारण मोठ्या ग्राहकाच्या प्रश्नावलीत तसा एक प्रश्न होता. माणसाला कामाच्या मापाचं न करता कामच माणसाच्या मापाचं कसं करायचं, हे सांगणारं ते शास्त्र. आमच्या वरच्या लोकांना ते चांगल्या खुर्च्या निवडण्याचं शास्त्र वाटे. मेश्राम नागपूरचे मेकॅनिकल इंजिनिअर, पुढे याच विषयात शिकलेले. बाहेर दोन-तीन देशांत नोकऱ्या करून इथे आले होते.

आल्या आल्या त्यांनी डायरेक्टरकडे एक विचित्र परवानगी मागितली. त्यांना पंधरा दिवस लाइनवर काम करायचं होतं. डायरेक्टर हसले, पण हो म्हणाले. मेश्राम निळा एप्रन घालून तीन नंबरच्या टेबलावर उभे राहिले आणि सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत प्रिंटर खोलत राहिले. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो. घामाघूम झाले होते आणि शेजारच्या बाईपेक्षा निम्म्या वेगाने काम करत होते.

"बघून कळत नाही का?" मी विचारलं.

"बघून मापं कळतात जी. दुखणं करूनच कळतं."

ती शेजारची बाई म्हणजे आंटी सिऊ. साठी ओलांडलेली, उंची जेमतेम पाच फूट, केस कापून अगदी बारीक केलेले. लाइनवरची सगळ्यांत वेगवान कामगार. आमची टेबलं तयार मिळालेली, उंच माणसांच्या मापाची. त्यामुळे आंटीचे कोपर दिवसभर वर उचललेले आणि खांदे कानांपाशी. मेश्रामांनी कुठून तरी थोडी होक्कियन भाषा उचलली होती. दर तासाला ते आंटीकडे वळून विचारत, "थिआ बो?" म्हणजे दुखतंय की नाही? आंटी हसून उत्तर द्यायची, "ओल्ड ऑलरेडी लाह, व्हॉट टु डू."

"हे बाई रोज मला हेच सांगून राहिली," मेश्राम मला म्हणाले. "वय झालं, वय झालं. अहो, तिचा डावा हातही साठ वर्षांचाच आहे ना? तो नाही दुखत. उजवा तेवढा म्हातारा झाला का?"

हा त्यांचा मुद्दा मांडण्याचा खास प्रकार. आवाज कधीच चढत नसे. लाइनसमोर भिंतीवर एक मोठा स्क्रीन होता. एक यंत्र खोलून झालं की त्यावरच्या झाडाला एक पान फुटायचं. दिवसअखेर झाड भरलं की टाळ्या. ही कल्पना माझी होती आणि तिच्याबद्दल मला शाबासकीही मिळाली होती. मेश्राम त्या झाडाकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "झाडाला पानं फुटून राहिली, आंटीच्या बोटांना मुंग्या. कोणी लावलं हे?"

मी लावलं, असं मी तेव्हा सांगितलं नाही. त्यांना नंतर कळलंच.

पंधरा दिवसांनंतर त्यांनी पहिली सुधारणा केली ती फुकटातली. स्क्रूड्रायव्हरच्या मुठी फार बारीक होत्या, त्या आवळून धरताना मनगटावर ताण येई. त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि मुठींवर गुंडाळून त्या जाड केल्या. आधी आंटीची केली. चार दिवसांत सगळी लाइन आपापले स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांच्यापुढे उभी. जुन्या ट्यूबचा पुनर्वापर, म्हणून मी त्याचा फोटोही काढून ठेवला. पण महिन्याभराने ग्राहकाकडचे तपासनीस यायचे होते. 'अप्रमाणित अवजारं' दिसायला नकोत म्हणून एका दुपारी क्वालिटी विभागाच्या माणसाने सगळ्या पट्ट्या ब्लेडने कापून काढल्या. मेश्रामांना कोणी विचारलंही नाही. ते लाइनवर आले तेव्हा कचऱ्याच्या डब्यात काळ्या रबराचा ढीग होता. त्यांनी त्यातल्या पट्ट्या एकेक करून वर काढल्या, धुतल्या आणि आपल्या खणात ठेवल्या. "कापणाऱ्याचीही चूक नाही जी," एवढंच म्हणाले. "त्याच्या यादीत अवजारं आहेत. हात नाहीत."

मेश्राम यिशुनलाच राहत, कारखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. बायको वैशाली आणि अकरा वर्षांची मुलगी इरा. एका रविवारी मी सहकुटुंब जेवायला गेलो होतो. हॉलमध्ये बुद्धाची लहानशी मूर्ती, तिच्या वर निळ्या कोटातली तसबीर. वैशालीवहिनींनी नागपुरी वडाभात केला होता आणि आमच्या पुणेरी जिभांची दया येऊन तिखट वेगळं वाढलं होतं. जेवताना मी विचारलं, हा विषय कसा काय निवडलात?

"आईमुळे," मेश्राम म्हणाले. "कामठीला आई विड्या वळायची. मांडीवर सूप, मान खाली, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. आम्ही शाळेतून यायचो तर ती मान वर करून बघायची नाही. आम्हाला वाटायचं, रागावली आहे. पुढे कळलं, तिची मान वर होतच नव्हती. शेवटची आठ-दहा वर्षं तिनं आभाळ पाहिलं ते खाटेवर उताणी पडली तेव्हाच."

इराने प्लेट उचलता उचलता म्हटलं, "पापा, यू ऑल्वेज टेल धिस स्टोरी, देन एव्हरीबडी स्टॉप ईटिंग." सगळे हसलो आणि जेवण पुढे सुरू झालं.

परत येताना एमआरटीच्या गाडीत माझी बायको म्हणाली, माणसं चांगली आहेत, पुढच्या वेळी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला बोलावू या. बोलावलंही. तिथे आमच्या एका बँकवाल्या मित्राने मेश्रामांना आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग 'म्हणजे नेमके कुठले?' असं विचारलं. मेश्राम म्हणाले, "कामठीचा जी. तुम्हाला जे विचारायचं आहे, ते तेच आहे." मित्र ओशाळून चहा आणायला गेला. मी तिथेच उभा होतो आणि काही बोललो नव्हतो. तेव्हा ती गोष्ट मला लहान वाटली. आता वाटतं, मी पुढे काय करणार याची ती नांदीच होती.

वर्षभराने मेश्रामांनी लाइनबद्दलची टिपणं एकत्र करून मला दिली. अहवालात 'कामगार कल्याण' असा भाग असतो, त्यात ती जावीत अशी त्यांची इच्छा होती. कोणाचा कोणता हात दुखतो, कोणाला रात्री मुंग्या येऊन जाग येते, कोणाच्या हातून वस्तू निसटतात. निम्म्याहून जास्त लोकांना काही ना काही होतं. शेवटी उपाय: उंची कमीजास्त करता येणारी टेबलं, वरून टांगलेले विजेचे स्क्रूड्रायव्हर, दर दोन तासांनी कामांची अदलाबदल, आणि ते झाड बंद. सगळं स्वच्छ, सोप्या इंग्रजीत लिहिलेलं. कुठेही आरोप नाही.

मी ते डायरेक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हे पुढच्या वर्षी घेऊ, या वर्षी आपला अहवाल पुरस्काराच्या स्पर्धेत आहे. मला हे अपेक्षितच होतं. परत येऊन मी मेश्रामांची सगळी पानं काढली आणि त्या जागी एक वाक्य लिहिलं: 'अर्गोनॉमिक्स तज्ज्ञाच्या देखरेखीखाली आमच्या कामाच्या जागा सतत सुधारत आहेत.' व्याकरणात चूक नव्हती. खोटं म्हणावं तर तेही नव्हतं. वर मी त्यांचा फोटो छापला. आंटी सिऊच्या टेबलापाशी गुडघ्यावर बसून ते मोजपट्टी धरताहेत आणि आंटी हसते आहे. फोटो इतका सुरेख आला होता की तो मुखपृष्ठावर गेला. अहवालाला पुरस्कार मिळाला.

मेश्राम प्रत घेऊन माझ्याकडे आले. मला वाटलं, चिडतील. त्यांनी मुखपृष्ठ माझ्यासमोर ठेवलं आणि आंटीच्या हातावर बोट ठेवलं.

"हा फोटो कधीचा?"

"मार्चमधला."

"बघा, तिनं स्क्रूड्रायव्हर अंगठ्याखाली दाबून धरला आहे. बोटांत पकडता येत नव्हता तेव्हाच. तुम्ही सगळं कसं पुन्हा वापरता येतं ते लिहिता केळकर साहेब. गिअर पुन्हा वापरता येतो, रोलर येतो, स्क्रूसुद्धा येतो. मनगट कोणत्या पेटीत टाकायचं?"

मी पुढच्या वर्षीचं काहीतरी बोललो. त्यांनी मान हलवली आणि गेले.

आंटीच्या हाताने पुढच्या वर्षाची वाट पाहिली नाही. पावसाळी हवेतल्या एका सकाळी तिच्या हातातून प्रिंटरचं झाकण निसटलं आणि तिच्याच पायावर पडलं. पायाला फारसं लागलं नाही, पण दवाखान्यात डॉक्टरांनी हात पाहिला. मनगटातली नस दबून अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग पार झिजला होता. शस्त्रक्रिया करावी लागली. डॉक्टरांनी लिहिलं, कामामुळे झालेलं असण्याची शक्यता आहे. असं लिहून आलं की कंपनीने कामगारांच्या मंत्रालयाला कळवायचं असतं, मग चौकशी होते, भरपाई द्यावी लागते. आणि पुरस्कार मिळवलेल्या कारखान्याची चौकशी कोणालाच नको होती. त्यातच आंटीचा करार संपत आला होता. तो वाढवायचा नाही असं ठरलं.

त्यावर बैठक झाली. डायरेक्टर, एचआरच्या बाई, मेश्राम आणि मी. एचआरच्या बाई म्हणाल्या, "साठ वर्षांची बाई. जन्मभर घरी भाज्या चिरल्या, कपडे पिळले. कामामुळेच झालं हे कसं म्हणायचं?"

मेश्रामांनी वही उघडली. रोजची हाताने केलेली नोंद. आंटी किती यंत्रं खोलते, कोपर किती वर असतो, केव्हा मुंग्या यायला लागल्या, केव्हा चिमटीत काही धरता येईनासं झालं. त्यांनी सगळं शांतपणे वाचून दाखवलं आणि म्हणाले, "मी तिच्या शेजारी उभं राहून काम केलं आहे. पंधरा दिवसांत माझं मनगट सुजलं. ती पाच वर्षं उभी आहे."

डायरेक्टरांनी त्यांच्यासमोर एक कागद सरकवला. कामाच्या जागेची मापं योग्य मर्यादेत आहेत, एवढंच त्यात होतं. सही हवी होती. मेश्रामांनी कागद वाचला आणि परत सरकवला.

"टेबल मर्यादेत आहे साहेब. बाई मर्यादेत नाही. कोणाला बदलायचं?"

मग डायरेक्टर माझ्याकडे वळले. "केळकर, तू ही लाइन सुरुवातीपासून पाहतो आहेस. सगळे आकडे तुझ्याकडे असतात. तुला काय वाटतं? कामामुळे झालं असेल?"

मला माहीत होतं. मेश्रामांची ती काढून टाकलेली पानं माझ्या खणात होती, मी ती दोनदा वाचली होती. माझ्याकडे पीआर होतं. नोकरी गेली असती तरी मला कोणी देशाबाहेर काढणार नव्हतं. दुसरी मिळेपर्यंत तग धरण्याइतकी सोयही होती. मेश्रामांचं इथलं राहणं मात्र कंपनीने काढलेल्या पासवर होतं. त्या खोलीत ज्याला सगळ्यांत जास्त भीती वाटायला हवी होती, तो बोलला होता. ज्याला सगळ्यांत कमी कारण होतं, तो मी.

मी म्हणालो, "निश्चित सांगता येणार नाही."

मेश्रामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वही मिटली, तिला रबर लावलं आणि खिशात ठेवली.

दोन महिन्यांनी त्यांचा पास नूतनीकरणाला आला तेव्हा कंपनीने तो पुढे पाठवला नाही. कारण दिलं, पदाची गरज उरली नाही, कामाच्या जागांची सुधारणा पूर्ण झाली आहे. आधाराला म्हणून माझ्या अहवालातलं ते वाक्य जोडलं होतं. 'सतत सुधारत आहेत' याचं 'सुधारल्या आहेत' एवढंच करावं लागलं.

पास संपला की महिनाभरात देश सोडायचा. इराची शाळा अर्ध्यावर होती. मी त्यांच्या फ्लॅटवर गेलो तेव्हा हॉलभर खोकी होती. वैशालीवहिनींनी दार उघडलं, "या" म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत. इरा एका खोक्यावर बसली होती. ती बापाला इंग्रजीत म्हणत होती, "पापा, जस्ट टेल देम सॉरी लाह. देन वी कॅन स्टे."

"कशाबद्दल सॉरी म्हणू बेटा?"

"एनीथिंग."

मेश्राम हसले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी येताना तयार केलेली वाक्यं त्या खुर्चीवर बसताच कुठे गेली कळलं नाही. मी म्हणालो, "मेश्राम, मी त्या दिवशी बोलायला हवं होतं."

"हो," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, ते 'असू द्या हो' म्हणतील. आपल्याकडे म्हणायची रीत आहे. त्यांनी तसं म्हटलं नाही. पायाजवळचं खोकं बाजूला सरकवून म्हणाले, "तुम्ही खोटं नाही बोलले जी. सांगता येणार नाही म्हणाले. खरंच होतं ते. तुम्हाला नाहीच सांगता आलं. मला तुमचा राग नाही. पण मी तुम्हाला माफ केलं असं ऐकायला आले असाल, तर ते माझ्याकडे नाही. हात माझा नव्हता. ते आंटीला विचारा."

चहा झाला. निघताना त्यांनी सहज सांगितलं की वहीची पूर्ण प्रत त्यांनी मंत्रालयाला दिली आहे, आंटीच्या मुलाला बरोबर नेऊन, स्वतःच्या नावानिशी. "मी गेल्यावर त्यांना कोणाला विचारायचं असलं, तर तुमचं नाव दिलं आहे," ते म्हणाले. "या वेळी सांगता येते का बघा."

मंत्रालयातून खरंच फोन आला. तेव्हा मी सांगितलं. खणातली पानंही दिली. ही बढाई नाही. तोपर्यंत त्यांच्या हाती सगळं होतं. मी सांगितलं नसतं तरी निकाल तोच लागला असता, आणि आता न सांगणंच जास्त धोक्याचं होतं. आंटीचं दुखणं कामामुळे झाल्याचं मान्य झालं, भरपाई मिळाली. कंपनीला सुधारणांचा आदेश आला. माझी नोकरी राहिली. मेश्रामांना कोणी परत बोलावलं नाही.

आंटीला मी एकदा भेटलो, यिशुनच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत. ती डाव्या हाताने चमच्याने नूडल्स खात होती. चॉपस्टिक आता धरता येत नाहीत म्हणाली. मी मेश्रामांचा मित्र, असं सांगितलं तेव्हा तिने मला नीट निरखलं.

"ही गो होम ऑलरेडी? व्हाय?"

मी तिला खरं कारण सांगितलं. तुझ्यासाठी बोलला म्हणून. तिने चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "नोबडी टेल मी." आणि तिने उरलेल्या नूडल्स खाल्ल्या नाहीत. माफीचं मी तिला विचारलं नाही.

यंदा कारखान्यात नवी टेबलं आली. उंची कमीजास्त करता येणारी, महागातली, मेश्रामांनी सुचवली होती तशीच. अहवालात मी या टेबलांवर अख्खं पान लिहिलं. मेश्रामांचं नाव घालू का, असं विचारलं तर डायरेक्टर म्हणाले, माजी कर्मचाऱ्यांची नावं आपण घालत नाही. मी नाही घातलं. पण त्या संध्याकाळी धीर करून नागपूरला फोन लावला. मेश्राम तिथे एका इंजिनिअरिंग कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात. इराला मराठी लिहायला जड जातं, वर्गात मुलं तिच्या बोलण्याला हसतात, असं म्हणाले. तक्रारीच्या सुरात नाही. मी टेबलांची बातमी दिली. मला वाटलं, आनंद होईल.

"वा," ते म्हणाले. "कितीवर ठेवली?"

"काय?"

"उंची हो. कोणाला कितीवर लावून दिली?"

मला माहीत नव्हतं. मी पानभर लिहिलं होतं आणि टेबलापाशी एकदाही गेलो नव्हतो.

"जाऊन मोजा," ते म्हणाले. "मग करा फोन."

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून मोजपट्टी घेतली आणि कारखान्यात गेलो. पहिलं टेबल मोजलं, दुसरं मोजलं, सगळी मोजली. सगळ्यांची उंची एकच. लाइन एका रेषेत, नीटनेटकी दिसावी म्हणून सुपरवायझरने टेबलं एकाच मापावर आणून खालचे दांडे बोल्टने पक्के केले होते. ती उंची जुन्या टेबलांपेक्षा जराही कमी नव्हती. तीन नंबरवर आता जोहोरहून येणारी एक नवी बाई होती, आंटीपेक्षाही ठेंगणी. ती एका पालथ्या घातलेल्या प्लास्टिकच्या क्रेटवर उभी राहून प्रिंटर खोलत होती. क्रेट डुगडुगत होता. तिचे खांदे वर चढलेले होते.

मी मोजपट्टी घेऊन उभा आहे हे पाहून ती घाबरली. "सॉरी बॉस," असं म्हणत तिने क्रेट पायाने टेबलाखाली ढकलला आणि टाचा उंचावून पुन्हा कामाला लागली.

याला तीन आठवडे झाले. सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, वरून लेखी आणा. वर मी अजून गेलेलो नाही. उद्या जाईन म्हणतो आणि उद्या काहीतरी निघतं. मेश्रामांचा नंबर फोनमध्ये वरच आहे. मापं कागदावर लिहून ठेवली आहेत, ती त्यांना मिनिटभरात वाचून दाखवता येतील. पण मापं ऐकून घेतल्यावर ते शांतपणे एकच प्रश्न विचारतील, मोजून झाल्यावर तुम्ही काय केलं, आणि तो प्रश्न ऐकायला लागू नये म्हणून मी फोन करत नाही.